एनडी फिल्टर घ्यावा की दिवेलागणीची वाट बघावी?

कॅमेरा मुद्दाम हलवून अमूर्त फोटो काढायचेत आणि एका मित्राचं घोडं इथंच अडलंय. (एनडी फिल्टर म्हणजे लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच.) भावा, आधी उजेडाचा हिशेब बघ.

लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 100 आणि लेन्सचं छिद्र बारीक, एफ 16 ला ठेवलं, तर शटर उघडा राहतो साधारण 1/100 सेकंद. तेवढ्यात हात हलवून काही साधत नाही. अर्धा सेकंद तरी हवा. सहा स्टॉपचा, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारा फिल्टर तो देतो. मग भर दुपारीही कोल्हापूरच्या रंकाळ्याकाठची झाडं उभ्या रेघांत ओढता येतात. खर्च आहेच, पण सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घेऊन बाकीच्यांना माप जुळवणारी रिंग लावली की एकात भागतं.

दिवेलागण फुकट. मात्र आभाळाचा निळा रंग बघता बघता सरतो, आणि उरतात ते दिवेच.

छिद्र आणखी बारीक करून एफ 22 वर भागवू म्हणशील, तर सेन्सर साफ कर. कॅमेऱ्याबरोबर सेन्सरवरची धूळही हलते, त्यामुळे सगळं चित्र पुसट आणि ठिपके तेवढे ठसठशीत!

झाडं, पाणी, दिवसाचे रंग हवेत तर फिल्टर घे. महाद्वार रोडचे दिवे आणि गाड्यांच्या रेघोट्याच हव्यात, तर पैसे खिशात राहू देत.