नैसर्गिक की कृत्रिम? आधी साखळी कशाची आहे ते बघा

कापड, हातमोजे, दोरी, पिशवी, काहीही निवडायचं म्हटलं की आपण लगेच दोन गट पाडतो: नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते वाईट. या वाटणीने निवड बरेचदा चुकते, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही गटांची घडण एकच आहे. एकवारिक म्हणजे लहान रेणू. असे शेकडो-हजारो रेणू एकमेकांत गुंफले की बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, लांबलचक साखळी होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये हे मांडलं तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नव्हतं. १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यामुळे विचारायचं ते एवढंच: साखळीतली कडी कशाची आहे, आणि तिला कशाने धोका आहे? पाण्याने, तेलाने, उष्णतेने की सूक्ष्मजीवांनी?

कपड्यांपासून सुरुवात करू. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि सेल्युलोजची कडी ग्लुकोजची. झाड हा ग्लुकोज हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन उन्हाच्या बळावर तयार करतं. पॉलिएस्टरच्या साखळीत टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल आलटून पालटून येतात, आणि ही दोन्ही मुख्यतः खनिज तेल व वायूपासून मिळतात. व्हिनफिल्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा १९४१ मध्ये शोधला.

ग्लुकोजच्या प्रत्येक कडीवर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट असतात. म्हणून कोरडा वाटणारा सुती धागासुद्धा हवेतली ओल शोषून स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी बाळगतो. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत. सुती कपडा घाम टिपतो तो यामुळेच, आणि वाळायला वेळ लावतो तोही यामुळेच. सुरकुत्यांचं मूळही इथेच आहे: ओल लागली की शेजारच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधले कमकुवत दुवे, सुटतात, कपडा चुरगळलेला असेल तर तशाच अवस्थेत पुन्हा जुळतात, आणि घडी बसते. पाणी शिंपडून इस्त्री करताना आपण तेच बंध सोडवून सरळ जागी बसवतो. रोज अंगाला लागणारा, घामाचा कपडा हवा असेल तर मी सुती घेईन. पाऊस, प्रवास, रोजची धुलाई असेल तर पॉलिएस्टर. मात्र त्यातून प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सुटून पाण्यात जातात, हे विसरू नका.

लेबलावर विश्वास नसेल तर शिवणीतून एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि ज्योतीजवळ न्या. खाली धातूची थाळी आणि शेजारी पाणी असू द्या. सूत कागदासारखं भुरकन पेटतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख उरते. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या; केसही प्रथिनाचेच, म्हणून केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. बोटांत चुरडू गेलात तर चुरडत नाही. हाच वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो, म्हणून आगीजवळच्या कामाला असा कपडा नको.

व्हिस्कोस मात्र दोन्ही गटांत बसत नाही. लाकडातलं सेल्युलोज रसायनांनी विरघळवून त्याचा पुन्हा धागा काढतात. कच्चा माल झाडाचा, धागा कारखान्याचा. ओला झाला की त्याची ताकद निम्म्यापर्यंत घटते. कापसाची उलट वाढते. तेव्हा व्हिस्कोस पिळू नका.

हातमोजे घेताना प्रश्न जास्त नाजूक होतो. नैसर्गिक रबर म्हणजे झाडाच्या चिकातली आयसोप्रीनची साखळी. नुसता चीक वाळवला तर तो उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतो; चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक मिसळून तापवल्यावर साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्या आणि रबर कामाचं झालं. म्हणजे 'नैसर्गिक' रबरातही कारखान्याचा हात आहेच. त्याची ताण सोसण्याची ताकद आणि लवचिकता उत्तम. विमानांच्या टायरमध्ये ते आजही लागतं. पण तेलात ते फुगतं, आणि चिकातली उरलेली प्रथिनं काहींना ॲलर्जी देतात, कधी जिवावर बेतणारी. नायट्राइल या कृत्रिम रबराच्या साखळीत ॲक्रिलोनायट्राइल आणि ब्युटाडाईन असतात. त्यात ही प्रथिनं नाहीत, आणि तेल-ग्रीसपुढे ते चांगलं टिकतं. तरी ॲसिटोन या द्रावकापुढे ते टिकत नाही, तिथे नैसर्गिक रबर बरं. ॲलर्जी असेल तर मात्र चिकाचे हातमोजे नकोच. त्या रसायनाला चालणारा तिसरा प्रकार शोधा.

दोरीचं लवकर आटोपतं: सतत ओलीत राहणार असेल तर नायलॉन घ्या, सेल्युलोजची दोरी कुजते.

सर्वात जास्त गोंधळ 'वनस्पतीपासून बनवलेलं' या शब्दांनी होतो. उसाच्या अल्कोहोलपासून केलेलं पॉलिथिन रेणूने अगदी तेलापासूनच्या पॉलिथिनसारखंच असतं, आणि तितकंच चिवटपणे मातीत पडून राहतं. मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल, त्यापासून पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) हे प्लास्टिक: याचं विघटन होतं, पण त्याला खतप्रकल्पातली सुमारे ६० अंश सेल्सिअसची ऊब लागते. परसातल्या ढिगात ते फार काळ तसंच राहतं.

उलट उदाहरण शस्त्रक्रियेतलं. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा टाक्याचा धागा पूर्ण कृत्रिम, तरी शरीरातलं पाणी त्याचे बंध तोडतं आणि तो काही आठवड्यांत विरघळतो. प्राण्यांच्या आतड्यापासून केलेला कॅटगटही विरघळतो, पण शरीरातल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) जोरावर, त्यामुळे कोणाच्या जखमेत किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधणं कठीण जातं.