लवकर निवृत्ती, बसल्या जागचं उत्पन्न आणि गेलेलं मुद्दल

पंचेचाळिशीत नोकरी सोडायचा बेत करणारा माणूस सहसा उधळ्या नसतो. खर्च वर्षानुवर्षं लिहून ठेवलेला, कर्ज फिटलेलं, पुंजी किती वर्षं पुरेल याचा तक्ता तयार. असा माणूस फसला की लोक म्हणतात, ‘हाव नडली’. बहुतेक वेळा हाव नसतेच. तक्त्यात एक लहानशी तूट असते आणि ठग नेमकं तेवढ्याच मापाचं ठिगळ घेऊन दारात उभा राहतो.

ही तूट येते कुठून? विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली, १९२६ पासूनचे तिथल्या शेअर आणि रोख्यांचे आकडे तपासून एक हिशेब मांडला. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्या, पुंजी किमान ३० वर्षं टिकते. ‘वर्षखर्चाच्या २५ पट जमवा आणि मोकळे व्हा’ हा मंत्र त्यातून निघाला. पण ती ३० वर्षं साठी-पासष्टीत थांबणाऱ्याची. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला कदाचित ४५ वर्षं काढायची असतात, त्याने ३ ते ३.५ टक्केच धरलेले बरे. म्हणजे पुंजी २८ ते ३३ पट हवी. शिवाय ते आकडे अमेरिकेचे. इतर अनेक देशांच्या बाजारांनी एवढी साथ दिलेली नाही.

आता समजा पुंजी १०० आहे आणि वर्षाचा खर्च ६. बिनघोर काढता येतात ३.५. उरली तूट २.५ ची. ती भरायचे सरळ रस्ते तीनच: आणखी काही वर्षं नोकरी, खर्चाला कात्री, नाहीतर घाम गाळून मिळवलेलं जोडउत्पन्न. तिन्ही कंटाळवाणे. अशा वेळी कुणीतरी ‘महिन्याला २ टक्के, दर १ तारखेला खात्यात’ अशी योजना सांगतं. पुंजीतले फक्त १० घातले तरी वर्षाला २.४ हातात. तूट जवळजवळ मिटली! ‘दहाच टक्के तर टाकतोय, नव्वद सुरक्षित आहेत’ हे वाक्य ऐकायला किती समंजस वाटतं. मुद्दल जायची सुरुवात या वाक्यापासून होते.

जुने ठग आरडाओरडा करायचे. चार्ल्स पाँझीने १९२० मध्ये बोस्टनला ४५ दिवसांत ५० टक्के देऊ केले होते. २०१८ च्या जानेवारीत कोसळलेल्या बिटकनेक्ट या क्रिप्टो योजनेने दिवसाला सुमारे १ टक्का सांगितला होता. रोजचा १ टक्का चक्रवाढीने धरला तर वर्षात १ चे जवळजवळ ३८ होतात, हिशेबी माणूस तिथेच हसून उठतो. महिन्याच्या २ टक्क्यांना तो हसत नाही. तेही चक्रवाढीने वर्षाला २६.८ टक्के पडतात, पण ‘दोन’ हा आकडाच गरीब दिसतो. न्यूयॉर्कमध्ये लोकांचे पैसे गुंतवतो म्हणून घेणारा ठग बर्नार्ड मॅडॉफ याहून शांत होता: वर्षाला साधारण १० ते १२ टक्के आणि तोट्याचा महिना जवळजवळ नाहीच. खरा बाजार असा सरळ रेषेत चालत नाही. दर किती हे बघू नका, दर हलतो का ते बघा. जो परतावा कधीच हलत नाही, तो बाजारातून येत नसून कुणीतरी हाताने लिहितोय.

‘वर्षभर पैसे वेळेवर आले’ हा पुरावा सगळ्यांना पटतो आणि तो सगळ्यात फसवा आहे. हिशेब करून बघा. ठगाने तुमच्याकडून १०० घेतले. ४० स्वतःवर उडवले, ६० बाजूला ठेवले आणि त्यातून तुम्हाला महिना २ देत राहिला. एकही नवा गिऱ्हाईक न आणता, कुठेही एक पैसा न गुंतवता तो ३० महिने तुम्हाला ‘व्याज’ देऊ शकतो. अडीच वर्षं! आणि बरेच जण व्याज उचलतच नाहीत, ‘तिथेच वाढू दे’ म्हणतात. मग मुदत आणखी लांबते. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त इथे आवळाही तुमच्याच झाडाचा.

पुढची वाट ठरलेली. सहा महिने सुरळीत गेले की आणखी १० घातले जातात. वर्ष पूर्ण झालं की २०, कारण तेव्हाच नेमकी ‘जुन्या सभासदांसाठी खास संधी’ची मुदत संपत असते. अठराव्या महिन्यात पैसे थांबतात. आत गेले ४०. हातात आले पहिल्या सहा महिन्यांत १.२, पुढच्या सहात २.४ आणि शेवटच्या सहात ४.८, एकूण ८.४, आणि ते घरखर्चात संपलेही. उरलेली पुंजी ६० धरली आणि खर्च ६ च राहिला, तर दरवर्षी पुंजीचा दहावा हिस्सा काढावा लागतो. महागाई वजा जाता २ टक्के परतावा मिळाला तरी ती सुमारे ११ वर्षांत आटते. पंचेचाळिशीत निवृत्त झालेला माणूस सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी रिकाम्या हाताने पुन्हा नोकरी शोधतो, तीही दशकभराच्या खंडानंतर.

‘आपण वेळेवर बाहेर पडू’ या हुशारीतही दम नाही. मॅडॉफ प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने, मुद्दलापेक्षा जास्त रक्कम उचललेल्यांकडून तो खोटा नफा परत मागितला, त्यासाठी दावे लावले. तो नफा दुसऱ्या कुणाचं मुद्दल होतं, एवढं साधं कारण.

मग तपासायचं काय? कागदाचा रंग, कचेरीतला संगमरवर, संचालकाचा कुणाबरोबर काढलेला फोटो, यातलं काहीच नाही. कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र हेही नाही, त्यातून कंपनी अस्तित्वात आहे एवढंच कळतं. लोकांकडून पैसे घेण्याचा परवाना वेगळा असतो. तीन खुर्च्या वेगळ्या आहेत का ते बघा. गुंतवणुकीचे निर्णय घेणारा एक, पैसे आणि रोखे प्रत्यक्ष सांभाळणारा दुसरा, हिशेब तपासणारा तिसरा. मॅडॉफकडे पहिल्या दोन खुर्च्यांवर तो स्वतःच बसला होता आणि तिसरीवर एक अगदी छोटी, नावापुरती लेखापरीक्षण संस्था होती. न्यूयॉर्कच्या त्या इमारतीत सतराव्या मजल्यावर एका जुन्या एएस/४०० संगणकावर ग्राहकांची विवरणपत्रं तयार व्हायची: आधी बाजारभाव बघायचा, मग कालच्या तारखेचे फायद्याचे सौदे टाकायचे. २००८ च्या डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली तेव्हा अशा विवरणपत्रांवर सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते. सांभाळणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडून थेट तुमच्याकडे विवरणपत्र येत नसेल, तर तुमच्या हातात फक्त छापील कागद आहे.

परवाना क्रमांक दिलाच, तर त्यांनी दिलेल्या लिंकवर तो तपासू नका. नियामकाचं संकेतस्थळ स्वतः शोधा, नोंदवहीत नाव काढा आणि तिथे दिलेल्या फोन नंबरवर फोन करा. खऱ्या परवानाधारक संस्थेचं नाव आणि क्रमांक जसाच्या तसा उचलून फोन आणि पत्ता तेवढा स्वतःचा टाकायचा, ही आता नेहमीची पद्धत झाली आहे. संकेतस्थळाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, कधी नोंदवलं तेही दोन मिनिटांत फुकट कळतं. बारा वर्षांच्या अनुभवाची फुशारकी आणि तीन महिन्यांचं डोमेन, एवढं दिसलं की पुढे वाचायची गरज नाही. पैसे दर वेळी वेगळ्या, तेही व्यक्तींच्या नावच्या खात्यात मागितले जात असतील, तर ती भाड्याने घेतलेली खाती आहेत.

ॲपवर चालणाऱ्या योजनांमध्ये पडदा फारच पटण्यासारखा असतो. भावाचे आलेख खरे, सेकंदागणिक हलणारे. खोटी असते ती कोपऱ्यातली शिल्लक. तो बाजाराशी न जोडलेला, त्यांच्या सर्व्हरवर टाइप केलेला आकडा. सुरुवातीला थोडी रक्कम काढून बघा असं ते स्वतःच सुचवतात आणि ती तासाभरात मिळते. मोठी रक्कम मागितली की पडद्यावर ‘प्रक्रियेत’ अशी पिवळी पट्टी येते आणि मदतकक्षाचा निरोप: शिल्लकीच्या १५ टक्के कर आधी भरा. भरला की पडताळणी ठेव. ती भरली की खातं गोठवलंय, सोडवण्याचं शुल्क. खरी संस्था तिचं शुल्क तुमच्या शिल्लकीतून कापून घेते. स्वतःचेच पैसे मिळवण्यासाठी बाहेरून पैसे मागणारा ते पैसे कधीच देणार नसतो. आणि गुंतवणुकीच्या मंचाने कर ‘आधी आमच्याकडे भरा’ म्हटलं, की नुकसान आहे तिथेच थांबवा. या शेवटच्या टप्प्यात लोक उरलेलं मुद्दल सोडवायला कर्ज काढतात आणि मूळ नुकसानीएवढं पुन्हा घालवतात.

पुंजीला हात न लावता ‘घरबसल्या दोन तास’ काम शोधणाऱ्यांसाठी वेगळा गळ असतो. चित्रफिती आवडल्याचं बटण दाबा, हॉटेलांना तारे द्या, उत्पादनांची ‘क्रमवारी सुधारा’. कामं साधारण ४० च्या संचात येतात. पहिल्या दिवशी थोडे पैसे खरंच मिळतात. मग तिसऱ्या-चौथ्या संचात एक ‘जोड काम’ येतं: दलाली पाचपट, पण खात्यातली शिल्लक अचानक उणे. संच पूर्ण केल्याशिवाय आधीचंही काही काढता येत नाही आणि संच पूर्ण करायचा तर उणे रक्कम भरावी लागते. ती भरली की पुढचं जोड काम त्याहून मोठं. गटातले बाकीचे ‘कामगार’ आपली कमाई दाखवत असतात, ते बहुतेक त्यांचेच लोक. अमेरिकेच्या ग्राहकसंरक्षण आयोगाकडे अशा प्रकारच्या तक्रारी २०२३ मध्ये सुमारे ५,००० आल्या होत्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००. काम देणाऱ्याने कामासाठी पैसे मागितले, की ते काम नव्हे. याला अपवाद मला माहीत नाही.

तयार धंदा विकणारे थोडे सभ्य दिसतात. ‘स्वयंचलित’ ऑनलाइन दुकान आम्ही चालवू, तुम्ही फक्त भांडवल घाला. किंवा वस्तू विकणारी यंत्रं आमची, ती ठेवायला मोक्याच्या जागा आम्ही मिळवून देऊ. जागा मिळत नाहीत, यंत्रं गोदामात धूळ खातात आणि करारात ‘उत्पन्नाची हमी नाही’ हे बारीक अक्षरात असतंच. अमेरिकेत असा धंदा विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान ७ दिवस आधी लेखी माहितीपत्र द्यावं लागतं, त्यात आधीच्या खरेदीदारांची नावं असतात. तुमच्याकडे कायदा असो वा नसो, तेच मागा: मागच्या तीन वर्षांतल्या सर्व खरेदीदारांची यादी, त्यांनी निवडलेल्या दोघांची नव्हे. यादीतले पाच जण स्वतः निवडा आणि हातात निव्वळ काय पडलं ते विचारा. ‘आज सही केलीत तर सवलत’ असं म्हणणारा त्या सात दिवसांनाच घाबरत असतो. अभ्यासक्रम विकणाऱ्यांबद्दल एवढंच, की २०१४ मध्ये सुरू झालेल्या वनकॉइन या बनावट क्रिप्टो चलनामध्येही नाण्यांसोबत ‘शिक्षण पॅकेजं’ विकली जात होती. नाण्यामागे खरी ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची सामायिक नोंदवही, नव्हती आणि संस्थापक रुजा इग्नातोव्हा २०१७ च्या ऑक्टोबरपासून बेपत्ता आहे.

खरं जोडउत्पन्न दिसायला फार साधं असतं. त्यात तास असतात, परत आलेला माल असतो, थकलेली बिलं असतात, आणि दर महिन्याचा आकडा वेगळा असतो. ते नोकरी सोडण्याआधीच सुरू करावं. बारा महिने वेगळ्या खात्यात ठेवून, खर्च आणि कर वजा जाता उरलेलं निव्वळच मोजावं. त्यातही वाईट सहा महिन्यांची सरासरी तक्त्यात धरावी. गणित मोठं उपकारक आहे: वर्षाला निव्वळ १ मिळत असेल, तर तोवर २८ ते ३३ ची पुंजी कमी लागते. तूट २.५ ची असेल तर १.५ कमवून आणि खर्चातले १ कमी करून ती मिटते.

पैसे गेले असं लक्षात आलं, तर ठगाला जाब विचारत बसू नका. तुम्हाला कळलंय हे त्याला कळलं की गट, गप्पा आणि संकेतस्थळ काही मिनिटांत पुसलं जातं. आधी गप्पा निर्यात करा, पडद्याचे फोटो घ्या. प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, क्रिप्टो असेल तर वॉलेटचा पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (त्याची ओळख सांगणारी लांब अक्षर-अंकांची ओळ) उतरवा. बँकेच्या फसवणूक विभागाला फोन मात्र त्याच क्षणी, शक्य तर दुसऱ्या माणसाकरवी. समोरच्या खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात आणि ती मुदत कधी तासांची, कधी मिनिटांची असते. मग पोलिसांत तक्रार. फोनवर दूरनियंत्रणाचं ॲप टाकायला लावलं असेल तर ते काढा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन येतो. गेलेले पैसे परत मिळवून देणारा ‘वकील’ किंवा ‘तपास अधिकारी’ बोलत असतो. तुम्ही किती गमावले हे त्याला शेवटच्या आकड्यापर्यंत माहीत असतं. तारखाही माहीत असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं ठाऊक आहे म्हणजे फाइल याच्यापर्यंत पोहोचली. ती यादी पहिल्याच टोळीने विकलेली असते, किंवा फोनवर तीच टोळी असते. थोड्याच वेळात तो प्रक्रिया शुल्क सांगतो, आगाऊ.