म्यूज एस: झोप लागण्यापुरता चांगला पट्टा

कॅनडातल्या इंटरॅक्सॉन कंपनीचा म्यूज एस हा डोक्याला बांधायचा कापडी पट्टा. पहिला २०२० मध्ये आला. इथे लिहिलंय ते दुसऱ्या पिढीच्या पट्ट्याबद्दल. कपाळावर दोन आणि कानांमागे एकेक असे चार सेन्सर मेंदूतले विद्युत बदल सेकंदाला २५६ वेळा टिपतात. पट्ट्यात स्पीकर नाही, झोपेसाठी ऐकवायचा आवाज फोनमधून येतो. खरी गोम इथेच आहे.

आवाजानं झोप सुधारणं म्हणजे दोन वेगळी कामं. पहिलं, झोप लागेपर्यंत मनाला गुंतवणं. ॲपमधल्या 'डिजिटल स्लीपिंग पिल्स' (नाव तेवढं औषधाचं) हेच करतात: डोळा लागला की आवाज विरत जातो, मध्येच जाग आली तर परत सुरू होतो. इथे पाच-दहा सेकंद इकडेतिकडे झाले तरी चालतं, म्हणून हे काम पट्टा नीट करतो. त्यासाठी ॲपची वर्गणी मात्र वेगळी भरावी लागते.

दुसरं काम गाढ झोपेच्या लहरी उंचावण्याचं, आणि ते फार नाजूक. २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी 'न्यूरॉन' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की ५० मिलिसेकंदांचे पिंक नॉइजचे (पावसासारख्या सलग आवाजाचे) ठोके लहर वर चढत असताना दिले तर या लहरींची लय वाढते आणि पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी जास्त आठवतात. लहरीशी मेळ चुकला की हा फायदा मिळत नाही. एक लहर साधारण सव्वा सेकंदाची. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो; त्याआधी पट्ट्याकडून फोनला माहिती पोचायला लागणारा वेळ वेगळाच. एवढ्यात वेळ हुकते. ड्रीम या फ्रेंच पट्ट्यात आवाज कपाळाच्या हाडातून थेट जायचा, म्हणून हा प्रश्न तिथे कमी होता. पण ती कंपनी २०२३ मध्ये बीकन बायोसिग्नल्स या अमेरिकी कंपनीनं विकत घेतली आणि तो पट्टा आता संशोधनाच्या कामाला लागला आहे.

आता बांधणी. कपाळ ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. डोक्याला तेल लावायची सवय असेल तर पट्टा वापरायच्या रात्री ते टाळा. तेलाचा थर बसला की सेन्सरला त्वचा सापडत नाही. बहुतेक वेळा घोळ होतो तो कानामागे: केस आत अडकतात, चष्म्याची काडी मध्ये येते. केस बाजूला सारून तिथे ओलं बोट फिरवा, पट्टा बसवा आणि मिनिटभर थांबून ॲपमधली सिग्नलची खूण पाहा. घट्ट करून उपयोग नाही. कपाळावर वळ उठतो आणि मध्यरात्री पट्टा आपोआप काढून फेकला जातो.

कुशीवर झोपणाऱ्यांचा खालच्या बाजूचा सेन्सर उशीत सरकतो. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात असते, त्यामुळे तेवढ्यात तासभर सिग्नल गेला तर सकाळी ॲपमध्ये दिसणारा गाढ झोपेचा आकडा उगाच घाबरवतो. आलेखात खंड कुठे पडलाय ते आधी बघा. मे महिन्यात उलटं होतं: घामामुळे सिग्नल सावकाश वरखाली हेलकावतो, ती हालचाल डेल्टा लहरींसारखी (गाढ झोपेतल्या संथ लहरींसारखी) दिसते आणि ती नीट गाळली गेली नाही तर गाढ झोप फुगून दिसते. पंखा लावा, किंवा त्या रात्रीचे आकडे सोडून द्या.

फोन उशीखाली नको, हातभर लांब ठेवा. आवाज शेजारच्या खोलीतल्या पंख्याइतका पुरे. धुताना समोरची इलेक्ट्रॉनिक डबी आधी काढून घ्या, कापड हातानंच धुवा, पिळू नका. आतला चंदेरी थर तडकला की तो सेन्सर गेलाच. आणि घोरताना श्वास अडकत असेल तर हा पट्टा विकत घेऊ नका. त्याची तपासणी स्लीप लॅबमध्ये होते, तिथे श्वास आणि रक्तातला ऑक्सिजनही मोजतात.