सोळा इंची स्क्रोल सॉ आणि एमडीएफमधली ‘तरंगिणी’: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत घेतलेलं १६ इंची स्क्रोल सॉ, म्हणजे खालीवर चालणाऱ्या बारीक पात्याने नक्षी कापायचं मशीन, आता पावसाळा लागेपर्यंत भरपूर चालवून झालंय. दारावरच्या नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, मुलांची कोडी असं बरंच काही त्यावर कापलं. पण मशीन कुठे साथ देतं आणि कुठे अडतं, हे कळलं ते एका जहाजाच्या चित्रामुळे. म्हणून त्या चित्राच्या अंगानेच लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याची मशिनं बाजारात चार-पाच नावांनी मिळतात आणि आतला सांगाडा जवळपास सारखाच असतो.

भाचा नौदलात आहे. त्याच्या घरासाठी आयएनएस तरंगिणी करायची ठरवली. गोवा शिपयार्डने बांधलेलं हे शिडाचं प्रशिक्षण जहाज १९९७ साली नौदलात दाखल झालं. त्याला तीन डोलकाठ्या आहेत. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी चौकोनी शिडं, तर मागच्या डोलकाठीवर जहाजाच्या लांबीला धरून लावलेलं शीड. चित्रात हे उलटसुलट झालं तर नौदलातल्या माणसाच्या पहिल्या नजरेतच येतं, म्हणून फोटो समोर ठेवून रेखाटनावरच बरेच दिवस घालवले. शिडं आणि सांगाडा एमडीएफचा (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या फळीचा) राहणार, मधलं आकाश कापून काढायचं. त्यामुळे प्रत्येक शीड कुठे ना कुठे डोलकाठीला किंवा दोराला चिकटलेलं हवं, नाहीतर कापता कापता तुकडा सुटून हातात येतो.

आता पात्यांबद्दल, कारण सगळा खेळ तिथेच आहे. मशिनबरोबर येणारी पाती पिनवाली असतात, टोकाला आडवी खिळी असलेली. बाहेरची कड कापायला ती चालतात. पण आतली नक्षी कापायची तर खिळी जाईल एवढं मोठं भोक पाडावं लागतं आणि दोरांच्या मधल्या बारीक चौकोनांत तेवढी जागाच नसते. त्यामुळे बिनपिनचं पातं पकडणारा क्लॅम्प असल्याशिवाय असल्या कामासाठी मशीन घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत. सोलापुरात हार्डवेअरच्या दुकानांत जिगसॉची पाती हवी तेवढी मिळतात, पण बिनपिनची बारीक पाती मला शेवटी ऑनलाइनच मागवावी लागली. ती डझनावर येतात. ४ मिलिमीटर एमडीएफला १ नंबर, ६ मिलिमीटरला ३ नंबर. खालचे काही दात उलटे असलेलं पातं घेतलं तर मागची बाजूही स्वच्छ निघते, फारशी तुसं उरत नाहीत.

पात्याचा ताण हाताला कळायला वेळ लागला नाही, कारण आमच्या घरी माग होता. ताण्याचा धागा बोटाने छेडून पाहतात तसं पातं छेडायचं. खणखणीत, चढा आवाज आला पाहिजे. भोंगळ आवाज आला तर पातं वळणावर पोट काढतं आणि वरून सरळ दिसणारी कड खालून तिरकी निघते. शिवाय यातली बहुतेक पाती एका बाजूने ठोकून कापलेली असल्यामुळे एका कडेला जास्त धार असते. ती रेषा सोडून किंचित उजवीकडे ओढतात. फळी थोडी तिरकी धरूनच सरकवायची. एकदा सवय झाली की हात आपोआप तसाच धरला जातो.

एमडीएफ का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. लाकडाला रेषा असते, बारीक पट्टी रेषेच्या आडवी आली की टचकन मोडते. एमडीएफला रेषाच नाही, सगळीकडे सारखं वागतं, कुठल्याही दिशेने वळवा. रंगही त्यावर सपाट बसतो. पण पट्टी फार बारीक केली तर ते तंतूंचा नुसता दाबलेला लगदा आहे हे जाणवतं. ४ मिलिमीटर शीटमध्ये दोर २ मिलिमीटर जाडीचे ठेवले तर टिकतात. दीडच्या खाली जायचं असेल तर चांगलं, आत पोकळी नसलेलं प्लायवूड घ्या. दुसरं म्हणजे एमडीएफमधल्या डिंकाने पात्याची धार लवकर जाते. फळी ढकलावीशी वाटू लागली किंवा कड तपकिरी पडू लागली की पातं बदलायचं, त्यात काटकसर नाही. पातं मशिनच्या मानाने अगदी स्वस्त आहे.

कापण्याचा क्रम फार महत्त्वाचा. डोलकाठीला जाणाऱ्या दोरांच्या शिड्या, त्यातला एकेक चौकोन म्हणजे १ मिलिमीटरचं भोक, वरचा क्लॅम्प सोडायचा, फळी पात्यावर ओवायची, परत आवळायचं. सगळी भोकं आधीच पाडून ठेवली. सुरुवात या शिड्यांपासून, मधून बाहेर, कारण तेव्हा आजूबाजूला अख्खी फळी आधाराला असते. मोठी आकाशाची खिडकी आधी काढली की शेजारचा दोर थरथरायला लागतो. बाह्यरेषा अगदी शेवटी. असल्या जागी मी वेग कमी ठेवतो. मशीन मिनिटाला सोळाशेच्या आसपास ठोके मारतं, पण दोरांना त्याच्या निम्मे पुरतात.

१६ इंच म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर, साधारण ४०६ मिलिमीटर. माझं चित्र ए-३ कागदावरचं, तो ४२० मिलिमीटर लांब. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या, टोकाशी कापताना फळी फिरवली की उरलेला भाग मागे आदळतो. मी चित्र थोडं लहान करून आणि फळीची जादा कड आधीच छाटून घेतली. मोठं चित्र करायचं असेल तर फळी न फिरवता सगळीकडे कापणारं पिळाचं पातं आहे, पण त्याची कड खडबडीत येते, मला ती आवडली नाही.

रेखाटनाचा कागद चिकटवायला आधी फळीवर मास्किंग टेप, त्यावर स्प्रे गोंद. थंडीत हे उत्तम चाललं. एप्रिल-मेमध्ये, पारा ४२ च्या वर असताना, कागदाच्या कडा सुटू लागल्या. मग कागदावरून रुंद पारदर्शक पॅकिंग टेप मारली. कागद बसला आणि कडा जळायचंही कमी झालं.

उन्हाळ्यात खरा त्रास धुळीचा. एमडीएफचा भुसा पिठाहून बारीक, पंखा लावला की घरभर. म्हणून पंखा बंद ठेवून, सकाळी ऊन चढायच्या आत, अंगणात. एन-९५ मास्क कायम. लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे, शिवाय यात फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, त्यामुळे तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. मशिनचा फुंकर मारणारा पाइप अगदीच दुबळा, रेषा नीट दिसत नाही. मी मागून व्हॅक्यूमचा पाइप जोडला.

थरथर सुरुवातीला जास्त होती. मशीन १८ मिलिमीटर प्लायवर बोल्टने आवळलं आणि ते जाड शहाबादी फरशीवर ठेवलं, फरक लगेच कळला. क्लॅम्पचा स्क्रू मात्र काही महिन्यांतच गुळगुळीत झाला, तो स्थानिक लेथवाल्याकडून नवा करून घेतला. बाकी दुरुस्ती काही नाही.

चित्र काळ्या मखमलीवर बसवलं, कडांना आधी सँडिंग सीलरचे दोन हात, मग रंग. मागची बाजूही सील केली, कारण भाचा विशाखापट्टणमला असतो आणि समुद्राकाठच्या दमट हवेत उघडी राहिलेली एमडीएफची कड फुगते.

मशीन घ्यायला गेलात तर दुकानात बिनपिनचं पातं लावून दाखवायला सांगा, आणि ते छेडून पाहा.