स्टिरिओ मिक्स चालू करून द्यायचे २,३६० रुपये!

स्टिरिओ मिक्स म्हणजे कॉम्प्युटरवर वाजणारा आवाज थेट रेकॉर्ड करायची विंडोजमधली सोय. ती चालू करायच्या नादात एकूण ५,६२९ रुपये गेले. सॉफ्टवेअरचे १,४९९, ‘ऑडिओ ड्रायव्हर’चे २,३६० आणि ‘ब्लूटूथ पॅक’चे १,७७०. कॉम्प्युटरवर वाजणारा कुठलाही आवाज रेकॉर्ड होईल, अशी जाहिरात होती. आकाशवाणीचा थेट कार्यक्रम उतरवून घ्यायचा होता, बस.

सॉफ्टवेअरचे पैसे भरल्यावर रेकॉर्डिंग कोरं. सपोर्टवाल्याने स्क्रीनचा ताबा घेतला. साउंड सेटिंगमधला ‘रेकॉर्डिंग’ टॅब उघडला, रिकाम्या जागेत राइट क्लिक केलं, ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’वर टिक केली. फिकट अक्षरांत ‘स्टिरिओ मिक्स’ दिसू लागलं. त्यावर राइट क्लिक, ‘एनेबल’. वीस सेकंद. एकही फाइल डाउनलोड झाली नाही, काही इन्स्टॉल झालं नाही. मग ड्रायव्हर विकला कुठला? तिथेच कळायला हवं होतं. स्टिरिओ मिक्स रिअलटेक या साउंड कार्डाच्या ड्रायव्हरसोबत (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) आधीच आलेलं असतं, बऱ्याच लॅपटॉपवर फक्त बंद ठेवलेलं असतं. पण कार्यक्रम अर्ध्या तासावर आलेला आणि समोरचा सराईतपणे ‘लायसन्स’, ‘रजिस्ट्री’ बोलत होता. अशा वेळी कोणीही पैसे भरून मोकळं होतं.

यूपीआयवर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव दिसत होतं. २,००० वर ३६० जीएसटी लावला, पण बिल नाही, जीएसटी नंबर नाही. पिन टाकण्याआधी ते नाव वाचाच.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज रेकॉर्ड व्हावा म्हणून विकलेला ब्लूटूथ पॅक तर निव्वळ लूट. स्टिरिओ मिक्स रिअलटेकच्या कार्डातून जाणारा आवाजच पकडतं. ब्लूटूथ किंवा यूएसबी हेडफोनचा आवाज त्या कार्डातून जातच नाही, म्हणून रेकॉर्डिंग कोरं येतं. यावर फुकट इलाज आहे. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, तेही त्याच्या मूळ साइटवरूनच. ‘ऑडिओ सेटअप’मध्ये होस्ट ‘विंडोज वासापी’ (Windows WASAPI) करा आणि रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून, ज्यावर ऐकताय त्याच हेडफोनचं ‘लूपबॅक’ लिहिलेलं नाव निवडा. स्टिरिओ मिक्स लागतच नाही. काही वाजत नसेल तर रेकॉर्डिंग पुढे सरकत नाही. तो बिघाड नव्हे, त्यासाठी कुणाला फोन करू नका. मॅकवर याच कामासाठी ब्लॅकहोल नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही मोफत.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पोच क्रमांक मिळाला, पुढे शांतता. पोलीस ठाण्यात विचारलं, “सॉफ्टवेअर मिळालं ना? मग फसवणूक कसली?” तिथून सायबर सेलकडे, सायबर सेलमधून परत ठाण्यात. रक्कम लहान आहे म्हणे! पाच हजार कमवायला किती दिवस लागतात, हे त्या टेबलामागच्या माणसाला ठाऊक नसतं का? स्क्रीनशॉट, यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, चॅट, सगळं छापून दिलं. ते कागद कुणी उलटूनही पाहिले नाहीत.

ताबा देणारं अ‍ॅप आधी काढून टाका. यूपीआयमधलं ‘ऑटोपे’ही उघडून बघा. १,४९९ ‘एकदाच’ म्हणून भरले होते, तरी तिथे दरमहा १,४९९ आपोआप कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, सुरू असलेलं सापडलं.