कलाकाराच्या नावाची ट्रेड मार्क नोंदणी: साडेचार हजारांत नेमकं काय मिळतं?

ज्यांच्या नावावर तिकीट किंवा माल खपतो, त्यांनी ट्रेड मार्क रजिस्ट्रीची (व्यापारचिन्हं नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाची) ऑनलाइन नोंदणी घ्यावीच, मग ते गायक असोत, कीर्तनकार असोत, लावणी कलावंत असोत की यूट्यूबवर रेसिपी दाखवणाऱ्या ताई. या सेवेला माझे पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण का कापला ते पुढे येईलच.

आपल्याकडे नाव, चेहरा आणि आवाज यांच्या व्यापारी वापरासाठी वेगळा कायदा नाही. जे संरक्षण आहे ते न्यायालयांच्या निकालांतून उभं राहिलं आहे. दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांच्या विक्रीवर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मनाई केली, तर अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करून देणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रोखलं. पण उच्च न्यायालयात जाणं प्रत्येकाला परवडत नाही. स्वतःच्या नावाची नोंद आधी करून ठेवणं मात्र परवडतं.

अर्जाचा फॉर्म टीएम-ए. ऑनलाइन भरल्यास एका व्यक्तीसाठी प्रत्येक वर्गाचे, म्हणजे माल किंवा सेवेच्या प्रत्येक प्रकाराचे, ४,५०० रुपये लागतात. स्टार्टअप आणि लघुउद्योगालाही हाच दर आहे, बाकी कंपन्यांना ९,०००. ही फी परत मिळत नाही. वर्ग एकूण ४५, त्यांतले पहिले ३४ मालाचे आणि उरलेले सेवांचे. कार्यक्रम करणाऱ्याने ४१ आधी घ्यावा. टी-शर्ट विकायचे असतील तर २५, मसाले असतील तर ३०, आणि नावावर हॉटेल काढायचं असेल तर ४३. भीतीपोटी सात-आठ वर्ग घेऊन ठेवू नका. नोंदणीनंतर पाच वर्षं आणि तीन महिने वापरच झाला नाही, तर त्या नोंदणीची झळ बसणारा कोणीही त्या कारणावरून ती रद्द करायला मागू शकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘अर्जदार’ या रकान्यात होते. मॅनेजर किंवा निर्माता ‘मी भरून टाकतो’ म्हणतो आणि अर्जदार म्हणून स्वतःचं नाव घालतो. तसं झालं की कागदोपत्री त्या नावाचा मालक तो. ट्रेड मार्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे हयात व्यक्तीच्या, किंवा जाऊन वीस वर्षं झाली नाहीत अशा व्यक्तीच्या नावासाठी रजिस्ट्रार संमतिपत्र मागू शकतो. म्हणजे अडवणारं दार आहे, पण कलाकाराने न वाचता सही केली की ते उघडतं. अर्जदार म्हणून स्वतःचंच नाव लावा आणि मॅनेजरला हवं तर वापराचा लेखी परवाना द्या, त्यात मुदत आणि कामाचा प्रकार स्पष्ट लिहून. ई-मेलही आपलाच द्यावा. तपासणी अहवाल मेलवर येतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

दुसरी चूक वापराच्या तारखेची. पंधरा वर्षं ज्या नावाने कार्यक्रम चालले आहेत, त्याच्या अर्जात ‘पुढे वापरणार’ यावर टिक करून मोकळं होऊ नये, त्याने हातातला पुरावा वाया जातो. पहिली तारीख लिहा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा आणि तारीख असलेली जाहिरात, तिकीट, सुपारीची पावती, बिल असं काहीतरी लावा. तारीख फुगवूही नका. उद्या वाद झाला तर सगळा दावा तिथेच कोसळतो.

नुसतं आडनाव नोंदवायचं असेल तर अपेक्षा कमी ठेवा. ‘पाटील’ किंवा ‘जोशी’ यांत वेगळेपण नाही, असा आक्षेप येतो. नोंद मिळालीच, तरी कलम ३५ प्रमाणे दुसऱ्या पाटलांना आपलं नाव प्रामाणिकपणे वापरण्यापासून अडवता येत नाही. पूर्ण नाव किंवा रंगमंचावरचं नाव जास्त टिकतं. लोकांच्या तोंडी बसलेला शब्दही चालतो. जॅकी श्रॉफ यांच्याकडे ‘भिडू’ची नोंदणी होती आणि २०२४ च्या दिल्लीतल्या दाव्यात ती कामी आली. ‘छत्रपती शिवाजी महाराज’ हे नाव मात्र १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या कायद्याच्या यादीत आहे, त्याच्यासाठी फी भरण्यात अर्थ नाही.

पोर्टल वापरायला अवघड आहे. अर्ज भरायला डिजिटल सिग्नेचर लागते आणि पडद्यावर दिसणारे शब्द सामान्य माणसाला घाबरवतात. ‘ऑब्जेक्टेड’ म्हणजे परीक्षकाने शंका काढली आहे, तिला उत्तर द्यायचं. ‘ऑपोज्ड’ म्हणजे कोणीतरी तिसऱ्याने विरोध नोंदवला आहे, तिथे दोन महिन्यांत प्रत्युत्तर गेलं पाहिजे. हे दोन शब्द एकच समजून कित्येक चांगले अर्ज बुडतात. अर्ज स्वीकारला की तो सोमवारी निघणाऱ्या जर्नलमध्ये छापतात आणि विरोधासाठी चार महिने असतात. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. वर्तुळातला ‘आर’ त्याआधी लावणं कायद्याविरुद्ध आहे.

चेहऱ्याची नोंद चित्रचिन्ह म्हणून होते, पण ती त्या एका चित्राची. फोटो वेगळा काढून कोणी जाहिरात केली, तर नुसत्या नोंदणीवर भागत नाही. वर त्या फोटोचा कॉपीराइट कोणाचा, हाही प्रश्न येतो. आपण पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर तो आपला. एरवी फोटोग्राफरकडून लेखी हस्तांतर घ्या. आवाजाचं म्हणाल, तर ध्वनिचिन्ह ३० सेकंदांपर्यंतच्या एमपी३ फाइलचंच होतं. गळ्याची नोंद होत नाही. एआय नकलेच्या विरोधात आशा भोसले यांनाही २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातच जावं लागलं. कापलेला दीड गुण याचाच.

एका बाबतीत मात्र ही नोंदणी न्यायालयाच्या मनाईहुकमापेक्षा सरस ठरते. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, की असे व्यक्तिगत हक्क त्या माणसाबरोबर संपतात, वारसांकडे जात नाहीत. ट्रेड मार्क ही मालमत्ता आहे, ती वारसांकडे जाते. त्यांनी टीएम-पी फॉर्म भरून नोंद आपल्या नावावर करून घ्यायची आणि दर दहा वर्षांनी प्रत्येक वर्गामागे ९,००० रुपये भरून नूतनीकरण करायचं.