'एल डीफो': घरात मुरलेलं एक पुस्तक

सीसी बेल यांचं 'एल डीफो' आमच्याकडे आलं ते गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. आता पुढची सुट्टी तोंडावर आलीय. एवढ्या काळात पुस्तकाचा कणा पांढरा पडलाय, मुखपृष्ठाचा एक कोपरा कायमचा दुमडलाय, मधल्या पानांवर आंब्याच्या रसाचा डाग आहे, पण पान एकही सुटलेलं नाही. चित्रकथा आहे, सुमारे अडीचशे पानं, इंग्रजी. पहिल्या वाचनानंतर लिहायला बसलो असतो तर "गोड आहे, जरूर घ्या" यापलीकडे काही सुचलं नसतं. बरंच काही नंतर कळत गेलं, म्हणून आत्ता सविस्तर लिहितोय.

ही लेखिकेचीच लहानपणची गोष्ट. चौथ्या वर्षी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा आजार) झाला आणि तिची ऐकण्याची शक्ती गेली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं गाव, 1970 चं दशक. पात्रं सगळी सशांच्या रूपात, आणि हे फार हुशारीचं आहे: सगळ्यांचे कान डोक्यावर ताठ उभे, त्यातल्या एकटीचेच कान चालत नाहीत. शाळेसाठी तिला 'फोनिक इअर' नावाचं यंत्र मिळतं. छातीवर पट्ट्यांनी बांधलेली पेटी, तिच्यातून कानापर्यंत गेलेल्या वायरी आणि बाईंच्या गळ्यात एक माईक. बाई माईक काढायला विसरल्या की त्या शाळेत कुठेही गेल्या तरी सीसीला त्यांचा आवाज ऐकू येतो. शिक्षकांच्या खोलीतला, आणि हो, बाथरूममधलासुद्धा. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा उघडलं गेलेलं पान हेच, हे वेगळं सांगायला नको. या शक्तीवरून सीसी मनातल्या मनात स्वतःची एक सुपरहिरो तयार करते. पुस्तकाचं नाव तिचंच.

2014 साली पुस्तक आलं, 2015 मध्ये त्याला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी मुलांच्या विभागात चित्रकथांसाठीचा आयझनर पुरस्कारही. पुरस्कार बघून मुलांसाठी पुस्तकं घेणाऱ्यांतला मी नाही, पण इथे देणाऱ्यांना दाद द्यायला हवी.

मोठ्यानं वाचून दाखवायला मात्र हे अवघड पुस्तक आहे. इंग्रजी पाहून मी मराठीत सांगत जातो, ते जमतं. अडतं ते संवादाच्या फुग्यांपाशी. सीसीला ऐकू येत नाही तिथे समोरच्याचा फुगा कोराच. बॅटरी संपत आली की फुग्यातली अक्षरं फिकी होत होत नाहीशी होतात. अर्धवट ऐकू आलं तर फुग्यात अक्षरांची नुसती खिचडी. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे क्षणात कळतं. आपण वाचून दाखवणारे काय करणार? सुरुवातीला मी "इथे तिला ऐकू येत नाहीये" असं सांगत होतो. ते म्हणजे विनोद समजावून सांगण्यातला प्रकार. तोडगा लेकीनंच काढला. म्हणाली, "बाबा, तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून कोऱ्या फुग्यापाशी आलं की मी आवाज बंद करून वाक्य बोलतो आणि ती ओळखायचा प्रयत्न करते. दहातलं एखादं वाक्य जमतं, आणि तेही चित्राच्या आधारानं.

त्यातून पुढे एक खेळच निघाला. दोघं समोरासमोर बसून आवाज न काढता शब्द बोलायचे. "पापा", "बाबा", "मामा" बोलून बघा, ओठ तसेच मिटतात, तसेच उघडतात. "काका" म्हणताना तर ओठांवर जवळजवळ काहीच दिसत नाही, सगळं आत घशाशी. "म्हणजे काका आला की बाबा आला ते दारात बघितल्यावरच कळणार," हा लेकीचा निष्कर्ष. पुस्तकात सीसी हेच सांगते: बोलणाऱ्यानं तोंड फिरवलं, तोंडावर हात धरला, दाढीमिशा वाढवल्या किंवा दिवा मालवला की संपलं. मैत्रिणीकडे रात्री मुक्कामाला गेलेली असताना अंधार होतो आणि बाकीच्या मुली गप्पा मारत राहतात, ते प्रकरण मी तरी दर वेळी जरा भरभर उलटतो.

पण पुस्तकाचा जीव आहे तो मैत्रिणींमध्ये. नव्या गावात सीसीला पहिल्यांदा भेटते ती लॉरा, जी सतत हुकूम सोडते. मग जिनी. जिनी स्वभावानं चांगली, पण सीसीशी बोलताना एकेक शब्द ताणून, मोठ्यानं, लहान बाळाशी बोलल्यासारखं बोलते. आणि मग मार्था, जी साधं बोलते. मार्थाच्या बाबतीत सीसीची भीती वेगळीच आहे: ही आपल्याला हवीय, हिला आपण हव्या राहू का? खेळता खेळता सीसीच्या डोळ्याला दुखापत होते आणि अपराधी वाटून मार्थाच तिला टाळायला लागते. कानांचा इथे काही संबंध नाही. चौथीतल्या कुठल्याही मुलीला हे नेमकं ठाऊक असतं. लेखिकेनं सीसीला बिचारी केलेलं नाही की फार गुणीही दाखवलेलं नाही. ती चिडते, रुसते, मनातल्या मनात लोकांना धडे शिकवते, आणि वर्गातल्यांचं मन जिंकायला बाईंच्या माईकचा बिनदिक्कत उपयोग करते. गणिताच्या शांत तासाला बाई वर्गाबाहेर गेल्या की ही पहारेकरी! परत येताना आधीच इशारा.

जिनीचं नाव तर आमच्या घरात रुळलंय. माझ्या आईला अलीकडे कमी ऐकू येतं. नाशिकची आत्या आली की आजीच्या कानाशी जाऊन "जे-व-लीस का" सुरू करते. मागच्या खेपेला लेक गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आत्या, तुझी जिनी झालीय. समोर बस आणि नेहमीसारखं बोल." आत्याला काही कळलं नाही. आजीला कळलं. तिनं पुस्तक मागून घेतलं आणि चष्मा लावून नुसती चित्रं बघितली.

दिवाळीनंतर आमच्या इमारतीत एक नवं कुटुंब राहायला आलं. त्यांच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं बसवलेलं ऐकण्याचं उपकरण, आहे: कानामागे यंत्र आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारी गोल चकती. पुस्तकामुळे त्याची नि लेकीची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. मैत्री झाली बॅडमिंटनमुळे, दोघांनाही हरायला आवडत नाही म्हणून. पण बारीकसारीक गोष्टींत पुस्तक डोकावतं. त्याला काही सांगायचं तर लेक वळसा घालून त्याच्या समोर जाते. पाठीमागून हाका मारणाऱ्या पोरांना दटावते. डबा ऐसपैसमध्ये राज्य घेणाऱ्यानं नाव पुकारलं तरी याला लपलेल्या जागी ऐकू यायचं नाही आणि बाद झालाय हे न कळता तो बिचारा लपूनच राहायचा. आता नाव पुकारून झालं की आधी बाद झालेला कुणीतरी धावत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावतो. हा नियम त्यानं स्वतः सुचवला, लेकीनं तो बाकीच्यांच्या गळी उतरवला. रंगपंचमीला पाण्यामुळे तो बाहेरचं यंत्र काढून ठेवतो, म्हणजे तेवढा वेळ पूर्ण शांतता. पोरांना हे सांगावं लागलं नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालला होता.

आता तक्रारी. सीसीला खुणांची भाषा आवडत नाही. आई तिला शिकवणीला घेऊन जाते तेव्हा लोक बघतील म्हणून ती धुसफुसते. लहानग्या सीसीचं तसं वाटणं खरं आहे, पण वाचणारं मूल "खुणा म्हणजे काहीतरी लाजिरवाणं" एवढंच उचलू शकतं. शेवटच्या टिपणात लेखिका नीट सांगते की बहिरेपणाकडे बघण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, कित्येकांना तो दोष वाटतच नाही, आणि आपला अनुभव हा अनेकांतला एक. पण शेवटचं टिपण कुठलं मूल वाचतं? ते तुम्हालाच वाचून दाखवावं लागेल. आम्ही जोडीला भारतीय सांकेतिक भाषेचे व्हिडिओ बघतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे, त्यात आता 10,000 हून जास्त शब्द आहेत. एक गंमतही कळली: इंग्रजी मुळाक्षरं अमेरिकन पद्धतीत एका हातानं दाखवतात, आपल्याकडे दोन्ही हातांनी. लेकीला स्वतःचं नाव दाखवता येतं आणि ती ते जेवताना दाखवते, म्हणजे भात सगळा ताटाबाहेर.

दुसरी तक्रार छोटी. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन टीव्हीचे संदर्भ आपल्या मुलांच्या डोक्यावरून जातात. ते खुशाल गाळा. गोष्ट अडत नाही.

2022 मध्ये अ‍ॅपल टीव्ही प्लसवर याची तीन भागांची मालिका आली. आम्ही ती पुस्तकानंतर बघितली आणि क्रम तोच ठेवा असं सांगेन. आवाज सीसीला जसा ऐकू येईल तसा ठेवलाय, दबका, मध्येच तुटणारा. आजीनं रिमोट मागितला, तिला वाटलं टीव्ही बिघडला.

वयाचं म्हणाल तर आठच्या पुढे. इंग्रजी सराईत नसेल तर शेजारी बसून सांगा, चित्रं अर्ध्याहून जास्त काम करतात. कान व्यवस्थित चालणाऱ्या मुलांसाठी तर आधी घ्या. वर्गाच्या कपाटात ठेवणार असाल तर दोन प्रती ठेवा. आमची सध्या तिसऱ्या मजल्यावर, त्या मुलाकडे आहे. त्यानं ती त्याच्या आईला वाचायला दिलीय आणि मी मागायला गेलो तर म्हणाला, "काका, अजून बाबांचं व्हायचंय."